दैव : भूतकाळी आणि भविष्यकाळी

श्रोतेहो, आपल्या मराठी भाषेत दैवाला जितकी नावे आहेत तितकी दुसऱ्या एखाद्या अदृश्य वस्तूला क्वचितच असतील. प्रारब्ध, संचित, विधिलिखित, ललाटरेषा, ग्रहदशा, योग, भोग, पूर्वपुण्याई हे शब्द संस्कृताने दिले; नशीब आणि तकदीर हे अरबी-फारशीच्या वाटेने आले; आणि एवढ्यानेही भागेना म्हणून आपण स्वतःचे कपाळही ह्याच कामाला लावले. 'नशीब' ह्या मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'वाटा' इतकाच आहे. पंगतीत ज्याच्या पानावर जे पडले ते त्याचे नशीब. उलट बाजूस यत्न, उद्योग, पुरुषार्थ, मेहनत, खटपट असे मोजके शब्द उभे आहेत, आणि त्यांतल्या शेवटच्यास तर उपहासाचाही थोडा वास येतो. एका बाजूस शब्दांची अशी रेलचेल दिसली म्हणजे तेथे मनुष्याचे काहीतरी दुखते आहे असे समजावे.

मनुष्याचे आयुष्य दैवाधीन आहे की तो आपल्या इच्छेने वागण्यास स्वतंत्र आहे, हा आजचा विषय. ह्यावर थोरामोठ्यांनी ग्रंथ लिहिले आहेत. मी खेड्यातला, मॅट्रिकपर्यंतच शिकलेला निवृत्त शिक्षक. त्यांच्या पंगतीस बसण्याचा माझा अधिकार नाही. परंतु जन्मभर मुलांना व्याकरण शिकविल्यामुळे एक खोड जडली आहे. कोणताही शब्द पुढे आला की तो कोणत्या काळी, कोणत्या पुरुषी चालतो हे मी आधी पाहतो. दैव आहे की नाही हा वाद क्षणभर बाजूस ठेवून, 'दैव' हा शब्द कोणी, कोणाविषयी आणि केव्हा उच्चारावा, एवढाच प्रश्न मी आज घेणार आहे. तो वाटतो तितका लहान नाही, हे पुढे ध्यानात येईल.

आमच्या वेळणेश्वराच्या बाजूस, किंबहुना कोकणपट्टीत पुष्कळ ठिकाणी, ग्रामदेवतेस कौल लावण्याची चाल आहे. ज्या शहरवासी श्रोत्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गुरव मूर्तीवर ठरलेल्या जागी ओल्या फुलांच्या पाकळ्या किंवा भिजविलेले तांदूळ चिकटवितो, देवास गाऱ्हाणे घालतो, प्रश्न स्पष्ट शब्दांत मांडतो आणि मग सारे जण डोळे लावून बसतात. उजव्या अंगाचे आधी पडले तर देवाचा होकार, डाव्या अंगाचे पडले तर नकार. मुलीचे स्थळ, विहिरीची जागा, होडीची खरेदी, भावकीतला तंटा, सारे ह्या दरबारात येते.

आता ह्या प्रश्नांची क्रियापदे पाहा. 'माझे काय होणार आहे?' असे सहसा कोणी विचारीत नाही. 'मी हे करू का?' असे विचारतात. पहिला प्रश्न भविष्य जाणण्याचा आहे, दुसरा परवानगीचा. ज्याची प्रत्येक कृती आधीच ठरून गेली आहे त्याने परवानगी मागण्याचे प्रयोजनच उरत नाही. समुद्राची भरती कोणाला विचारून येत नाही. कौल मागणारा मनुष्य देवापुढे हात जोडतो त्याच क्षणी, आपल्यापुढे दोन वाटा आहेत आणि दोन्ही आपल्याला खुल्या आहेत, हेही कबूल करतो. डावा कौल आला तर प्रश्न जरा फिरवून, एखादा नवस जोडून, पुन्हा विचारण्याची पद्धत आहे ती निराळीच. देवही कोकणातलाच असल्यामुळे तो हे चालवून घेतो.

प्रसंगवशात आमच्या गावाच्या नावाविषयी दोन शब्द. भाविक लोक सांगतात की भक्तास पावण्यास जो वेळ लावीत नाही तो वेळणेश्वर. संस्कृतात 'वेला' म्हणजे समुद्राचा काठ, भरतीओहोटी आणि काळही. आणि गुहागर तालुक्यातले हे शंकराचे देऊळ अगदी पुळणीला लागून आहे. काठ आणि काळ ह्या दोहोंसाठी एकच शब्द योजणाऱ्या पूर्वजांना समुद्र चांगला ठाऊक असला पाहिजे.

कौलापेक्षा कठोर कल्पना सटवाईची. मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री पूजा मांडतात, दिवा तेवत ठेवतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते अशी समजूत. ह्या कल्पनेतली एक खुबी माझ्या मनास नेहमी मोह घालते. लिहिण्याचे साहित्य घरचे, दिवा घरचा, आणि सकाळी पाहावे तर कागद कोराच. जे लिहिले ते कपाळावर. आणि स्वतःचे कपाळ स्वतःच्या डोळ्यांना कधी दिसत नाही. हे लिखित असेलही, पण ते वाचता येत नाही, असे आमच्या आज्यापणज्यांनी मोठ्या शहाणपणाने ठरवून टाकले होते.

ते वाचता येते असे म्हणणारा वर्ग अर्थातच आहे. त्याची एक परीक्षा २००८ साली पुण्यात झाली. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी नरेंद्र दाभोलकर आणि अन्य सहकाऱ्यांसह हुशार मुलांच्या व मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका जमविल्या, त्या मिसळून २७ ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या मुलाची एवढेच सांगावयास सांगितले. एकंदर उत्तरांपैकी शेकडा ४६ बरोबर निघाली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तर शेकडा ५० च्या आसपास बरोबर आली असती. पुढे हा सारा तपशील शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. ह्यावरून दैव नाही असे सिद्ध होते काय? मुळीच नाही. सिद्ध होते ते इतकेच की, कोणी लिहिले असलेच तर त्याचे अक्षर पत्रिकेवरून लागत नाही. तथापि लग्न मोडणे, मुलीस मंगळ आहे म्हणून तिला घरी बसविणे असले निर्णय जे कुटुंब पत्रिकेवर सोपविते, त्याच्या दृष्टीने हा निष्कर्ष लहान नव्हे.

आता शास्त्राकडे वळू. कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भाग आपल्याकडे सांगतात. शेतकऱ्याच्या भाषेत बोलायचे तर कणगीत साठलेले भात ते संचित. त्यातले जे आज चुलीवर चढले ते प्रारब्ध, ते शिजणारच. आणि खाचरात जे आज लावतो आहोत ते क्रियमाण. चुलीवरच्या भाताचे पुन्हा बियाणे होणार नाही हे खरे, परंतु खाचर मोकळे आहे. ही विभागणी ज्यांनी केली त्यांना दैववादी म्हणणे अन्यायाचे होईल. महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना सरळ विचारतो की दैव श्रेष्ठ की पुरुषकार? भीष्म उत्तरादाखल ब्रह्मदेव आणि वसिष्ठ यांचा संवाद सांगतात. त्यात दैवाला बीज म्हटले आहे आणि पुरुषाच्या प्रयत्नाला शेत. आपण सहज उलटे समजलो असतो. शेतावाचून बीज फुकट, असा त्याचा रोख. याज्ञवल्क्यस्मृतीत एका चाकाच्या रथाचा दृष्टान्त आहे, तोही ह्याच अर्थाचा. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे मोजली आहेत आणि दैव त्यांत पाचवे, म्हणजे शेवटचे आहे. पाचांतला एक भागीदार, सगळ्या दुकानाचा मालक नव्हे.

परंतु सगळे दुकान दैवाचेच असे स्पष्टपणे म्हणणारेही ह्या देशात होऊन गेले. महावीर आणि बुद्ध यांच्या काळी मक्खली गोशाल नावाचा आचार्य होता. त्याचा पंथ आजीविकांचा. त्याचे मत असे की सुताचा गुंडा फेकला म्हणजे तो जसा सूत संपेपर्यंत उलगडत जातो, तसे शहाण्याचे आणि मूर्खाचे आयुष्य ठरल्याप्रमाणे उलगडते. प्रयत्नाने त्यात रतिभर फरक पडत नाही. जैनांच्या उवासगदसाओ ह्या ग्रंथात ह्या पंथाच्या एका श्रीमंत कुंभाराची गोष्ट आहे. त्याचे नाव सद्दालपुत्त. महावीर त्याच्या कारखान्यात गेले असता ओली मडकी उन्हात मांडलेली होती. त्यांनी विचारले, "ही मडकी कशी झाली?" कुंभाराने माती भिजविण्यापासून चाकावर चढविण्यापर्यंत सारे सांगितले. "मग ही प्रयत्नाने झाली की प्रयत्नावाचून?" कुंभार आपल्या मताला चिकटून म्हणाला, प्रयत्नावाचून, सारे नियतच आहे. तेव्हा महावीरांनी विचारले, "तुझ्या एखाद्या चाकराने ही मडकी चोरली, फोडली, अथवा तुझ्या बायकोवर हात टाकला, तर तू काय करशील?" कुंभार म्हणाला, "मी त्याला शिव्या देईन, बांधीन, मारीन." आणि येथेच तो सापडला. सारे नियत असेल तर चाकराचा अपराध कोणता?

गोष्ट जैनांच्या ग्रंथातली आहे. आजीविकांनी तिला काय उत्तर दिले असते ते ऐकण्यास त्यांचा एकही ग्रंथ आज शिल्लक नाही, हे न्यायासाठी सांगितले पाहिजे. उत्तर कदाचित ग्रीक तत्त्वज्ञ झेनो याच्या उत्तरासारखे असते. त्याचा गुलाम चोरी करताना सापडला आणि म्हणाला, "चोरी करणे माझ्या नशिबीच होते." झेनो म्हणाला, "होय, आणि मार खाणेही."

कुंभाराच्या गोष्टीतला मर्मभाग असा की, स्वतःच्या मताविषयी बोलताना तो दैववादी होता आणि आपली मडकी फुटल्यावर यत्नवादी झाला. आपण सारे थोडेफार तसेच आहोत. मुलगा पहिल्या वर्गात आला की त्याचे कष्ट, आणि नापास झाला की त्याचे ग्रह. शेजाऱ्याच्या बाबतीत ह्याच्या नेमके उलट.

आमच्या जिल्ह्याचे सुपुत्र लोकमान्य टिळक यांचे उदाहरण ह्या संदर्भात फार विचार करण्याजोगे आहे. त्यांचा जन्म १८५६ साली रत्नागिरीस झाला. १९०८ च्या जुलैत मुंबईच्या हायकोर्टात ज्यूरीने त्यांना दोषी ठरविल्यावर ते जे चार शब्द बोलले, त्यांत मनुष्यांच्या आणि राष्ट्रांच्या भवितव्यावर ह्या न्यायासनाहून उच्चतर शक्तीची सत्ता असल्याचा उल्लेख होता. हे दैववाद्याचे बोलणे म्हणावे, तर तोच मनुष्य मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात काही महिन्यांत 'गीतारहस्य' लिहून काढतो, आणि त्यात 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' असे एक स्वतंत्र प्रकरण घालतो. कर्माची साखळी अनादि आहे हे ते मान्य करतात. परंतु मनुष्यात जो आत्मा आहे तो मुळात त्या साखळीबाहेरचा, आणि सुटण्याची प्रेरणा त्याच्याकडून येते, म्हणून मनुष्य स्वतंत्र, असा त्यांचा युक्तिवाद आहे. वेदान्त ज्यांना मान्य नाही त्यांना हा युक्तिवाद पटणार नाही. मला त्यातला वागणुकीचा भाग अधिक बोलका वाटतो. शिक्षा ठोठावली गेली त्या घटकेस 'उच्चतर शक्ती'. आणि तुरुंगातल्या उद्याच्या सकाळसाठी मात्र लेखणी. निकाल लागून गेला होता, पुस्तक व्हायचे होते.

ह्यावरून मला सुचलेला नियम असा. दैव हा शब्द भूतकाळी चालतो, भविष्यकाळी चालत नाही. जे घडून गेले आणि आता कोणाच्याही हातचे राहिले नाही त्यास दैव म्हटल्याने दुःखी मनुष्यास विसावा मिळतो, आणि कोणाचे काही बिघडत नाही. जे अजून घडावयाचे आहे त्यास दैव म्हटले की कोणाचे तरी कर्तव्य चुकते.

कोकणातल्या माणसास ह्याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. 'रामदास' ही आगबोट सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या बाजूस निघाली. स्वातंत्र्य चार आठवड्यांवर आले होते. सणासाठी घरी जाणारे चाकरमाने, बायका, मुले अशी गर्दी होती. काश्याच्या खडकाजवळ पावसाळी वादळी समुद्रात बोट एका बाजूस कलली आणि पाहता पाहता उलटून तळाशी गेली. सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. ज्या संताने यत्नाची महती उभ्या महाराष्ट्रास सांगितली त्याच्या नावाची ही बोट. ह्याच किनाऱ्यावर 'जयंती' आणि 'तुकाराम' ह्या दोन आगबोटी १९२७ च्या नोव्हेंबरात एकाच दिवशी बुडाल्या होत्या.

ज्यांची बोट त्या दिवशी चुकली ते वाचले. कोणास धक्क्यावर पोचण्यास उशीर झाला, कोणी ऐन वेळी बेत बदलला. अशा गोष्टी किनाऱ्यावरच्या घरांतून दोन पिढ्या सांगितल्या गेल्या, आणि प्रत्येकीचा शेवट 'दैव बलवत्तर' असाच होई. ज्या बाईचा नवरा त्या बोटीवर होता तिने दैव म्हटले तर कोणत्या पंडिताची तिला दुरुस्त करण्याची छाती होईल? मीही करणार नाही. परंतु भर पावसाळ्यात बोट सोडावी की नाही, उतारू कोठे आणि किती बसवावे, बुडत्याला धरावयास काय ठेवावे, संकटाची वार्ता किनाऱ्यावर कशी पोचवावी, हे प्रश्न आदल्या दिवशीचे आहेत. आदल्या दिवशी धक्क्यावर उभा राहून जर कोणी अधिकारी 'देवाच्या मनात असेल तसे होईल' म्हणाला असता, तर त्याच्या तोंडी तोच शब्द अक्षम्य ठरला असता. शब्द एकच. मधे फक्त एक रात्र.

आमच्याच जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यात, तिवरे येथील धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसांहून अधिक माणसे गेली. धरणास गळती लागल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. घटनेनंतर मंत्रिमहोदयांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे कारण सांगितले. दैवाच्या लांबलचक नामावळीत खेकडा हा शब्द तोवर नव्हता; तेव्हापासून घालावयास हरकत नाही.

दैव आणि यत्न यांच्यामधली हद्द एकाच जागी राहत नाही, ती सरकते, हेही येथेच सांगितले पाहिजे. देवी ह्या रोगाचे नावच आपण देवीवरून ठेवले. ती घरात आली म्हणजे तिची पूजा करावयाची, तिच्या मर्जीने मूल जगेल वा मरेल. माझ्या पिढीच्या दंडावर तिच्या लशीचे वण आहेत, माझ्या नातवंडांच्या दंडावर नाहीत. कारण भारतातला शेवटचा रोगी १९७५ साली सापडला आणि १९८० साली साऱ्या जगातून तो रोग गेल्याचे जाहीर झाले. शेकडो वर्षे जे कपाळी लिहिलेले मानले ते एका सुईने पुसले. शाळेत एका मुलाविषयी त्याची आजी मला म्हणे, "सटवीने ह्याच्या कपाळी विद्या लिहिलीच नाही." मुलगा मागच्या बाकावर बसे. एका वर्षी गावात नेत्रतपासणीचे शिबिर भरले, मुलास चष्मा मिळाला, आणि फळ्यावरची अक्षरे त्यास दिसू लागली. पुढे तो फार मोठा विद्वान झाला असे नाही, एस. टी. त कंडक्टर झाला आणि तिकिटांचा हिशेब चोख ठेवीत असे.

काळ झाला, आता पुरुष. व्याकरणातला पुरुष. दैव हा शब्द प्रथमपुरुषी, स्वतःविषयी वापरला तर ती नम्रता असते किंवा सांत्वन असते. तोच तृतीयपुरुषी, दुसऱ्याच्या माथी मारला म्हणजे ती बहुधा हुकमत असते. ह्याचे उदाहरणही रत्नागिरी जिल्ह्याचेच देतो.

देवरुखच्या जोशी घराण्यातल्या गोदूबाई बालपणीच विवाह होऊन थोड्याच महिन्यांत विधवा झाल्या. त्या मुलीस लग्न म्हणजे काय हेही कळत नव्हते. पण तिचे दैव गावाने त्याच दिवशी वाचून दाखविले. अलवण, एक वेळचे जेवण आणि दुसऱ्यांच्या घरचे काम, असे ते दैव होते. वास्तविक विधवेच्या पुनर्विवाहास कायद्याने १८५६ सालीच मुभा दिलेली होती. म्हणजे सरकारच्या दप्तरी ते दैव तिच्या जन्मापूर्वीच रद्द झाले होते. तरी ते चालू राहिले, कारण त्याचा लेखक ब्रह्मदेव नव्हता. भावकी आणि आळी ही त्याची लेखक होती. गोदूबाईंचे बंधू नरहरपंत हे धोंडो केशव कर्वे यांचे स्नेही. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात १८८९ साली दाखल झाल्या, शिकल्या, आणि १८९३ च्या मार्चमध्ये त्यांनी कर्व्यांशी विवाह केला. कर्व्यांचे गाव मुरूड, दाभोळच्या खाडीपलीकडे दापोली तालुक्यात. गावाने बहिष्कार घातला. पुढे आनंदीबाई कर्वे ह्या नावाने ओळखल्या गेलेल्या ह्या बाईंनी उतारवयात 'माझे पुराण' हे आत्मचरित्र लिहिले. ते १९४४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. दुसऱ्यांनी लिहिलेले दैव आणि स्वतः लिहिलेले पुराण ह्यांतला फरक त्यात पानोपानी दिसतो.

स्वतः कर्व्यांना तरी दैवाने कोठे हात दिला? सतरा-अठरा वर्षांचे असताना ते परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यास डोंगर ओलांडून शंभरावर मैल पायी गेले. तेथील अधिकाऱ्यास मुलगा वयाने लहान दिसला, आणि दाखला असूनही त्याने परीक्षेस बसू दिले नाही. हे १८७५ साल. परतताना त्या मुलाने कपाळावर हात मारून घेतला असता तरी त्यास कोणी नाव ठेवले नसते. पुढे १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले, आणि १९६२ पर्यंत, म्हणजे वयाची एकशे चार वर्षे होईतो ते जगले. शेवटची गोष्ट मात्र दैवाच्या खात्यावर जमा करावयास माझी हरकत नाही.

येथे विज्ञान शिकलेले श्रोते अडवतील. ते म्हणतील, मास्तर, सटवाई सोडा. सारे विश्वच कार्यकारणाच्या नियमाने बांधलेले आहे. १८१४ साली फ्रेंच गणिती लाप्लास याने लिहिले की विश्वातल्या प्रत्येक कणाची आजची स्थिती जाणणारी बुद्धी असती तर तिला उद्याचे सर्व काही आजच दिसले असते. १९८३ साली अमेरिकेत बेंजामिन लिबेट याने प्रयोग करून दाखविले की मनुष्यास 'मी बोट हलवीन' असे जाणवण्याच्या सुमारे तृतीयांश सेकंद आधीच त्याच्या मेंदूत हालचाल सुरू झालेली असते. ह्या प्रयोगाचा अर्थ काय, यावर तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत. स्वतः लिबेटचेही म्हणणे होते की ऐन वेळी 'नको' म्हणण्याची शक्ती मनुष्यापाशी उरते. मी ह्या वादात शिरत नाही. मला एवढेच दिसते की बोट हलविणे निराळे आणि पुरात पूल ओलांडावा की थांबावे हे ठरविणे निराळे. दुसऱ्या कामास तृतीयांश सेकंद लागत नाही. चार माणसांशी बोलणे होते, आकाश पाहिले जाते, मागच्या वर्षीचे आठवते.

कायद्याने तर ही हद्द केव्हाच आखली आहे, आणि ती काही वाईट आखलेली नाही. १८६० च्या दंडसंहितेने सात वर्षांखालच्या मुलाचे कृत्य अपराध मानले नाही, आणि वेडाच्या भरात आपण काय करतो हेच ज्यास कळत नाही त्याचेही नाही. २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तेच तत्त्व कायम आहे. म्हणजे सर्व मनुष्ये सर्व वेळी सारखीच स्वतंत्र आहेत असे कायदाही म्हणत नाही. स्वातंत्र्य ही वयाने, शिक्षणाने, आरोग्याने वाढणारी आणि उपासमारीने, भीतीने, व्यसनाने घटणारी वस्तू आहे. कोणाचे किती, हे ज्याचे त्याला पाहावे लागते.

आणि म्हणूनच यत्न हा शब्दही बेतानेच वापरला पाहिजे. अलीकडे शहरांत दैवाचा पाडाव करून यत्नाची इतकी आरती चालते की जो हरला त्याने यत्न केलाच नाही असे धरून चालतात. हा दैववादाइतकाच निर्दय विचार आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या उत्तरेस, रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. हवामान खात्याने आगाऊ सूचना दिली होती, किनाऱ्यावरची माणसे हलविली होती. १९४७ साली जे दैव होते त्याचा मोठा भाग त्या दिवशी यत्नाच्या खात्यात जमा झाला. पण झाडे हलविता येत नाहीत. दापोली-मंडणगडकडे माड, पोफळी आणि आंबे आडवे झाले; ज्यांनी तीस-तीस वर्षे शिंपण केले, खत घातले, कर्ज वेळेवर फेडले, त्यांच्या बागा दुपारच्या काही तासांत गेल्या. त्यांना कोणी उद्योगाचे महत्त्व सांगावे?

त्या बाजूचे एक वृद्ध बागायतदार माझ्या परिचयाचे आहेत. माड फळास येण्यास सहा-सात वर्षे लागतात आणि त्यांचे वय तेव्हा सत्तरीपलीकडचे. पडलेल्या बागेत पुन्हा माड लावावे की जमीन तशीच ठेवावी, असा कौल त्यांनी ग्रामदेवतेस लावला. कौल उजवा झाला. रोपे मात्र त्यांनी चार दिवस आधीच आणून, विहिरीजवळच्या सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवलेली होती.